गीताचा प्रवास आणि पाठभेदाचा प्रश्न : ‘हॅलेलुया’ या माहितीपटाची चिकित्सा

कॅनडातील कवी, कादंबरीकार व गीतकार लिओनार्ड कोहेन (१९३४–२०१६) यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध गीताचा इतिहास डॅन गेलर व डेना गोल्डफाइन यांनी ‘हॅलेलुया : लिओनार्ड कोहेन, अ जर्नी, अ साँग’ या माहितीपटात मांडला आहे. २०२१ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. एका गीताच्या आधारे गीतकाराचे चरित्र उलगडणे, हे त्याचे स्वरूप होय.

माहितीपटाचे कथासूत्र उपेक्षेकडून मान्यतेकडे जाते. हे गीत असलेला ‘व्हेरिअस पोझिशन्स’ हा १९८४ चा अल्बम अमेरिकेत प्रकाशित करण्यास कोलंबिया कंपनीने नकार दिला. या अल्बमचे संगीतनिर्माते जॉन लिसाऊर यांनी त्याविषयी केलेले निवेदन प्रांजळ आहे. पुढे १९९१ मध्ये जॉन केल यांनी हे गीत गायले. केल यांच्या पाठावरून १९९४ मध्ये जेफ बकली यांनी ते गायले आणि २००१ मध्ये ‘श्रेक’ या चित्रपटामुळे ते घराघरांत पोहोचले. हा क्रम दिग्दर्शकद्वय गीतकारास उशिरा मिळालेला न्याय म्हणून सादर करते.

परंतु हा न्याय नेमका कोणत्या पाठाला मिळाला, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. कोहेन यांनी या गीतासाठी असंख्य कडवी लिहिली होती. त्यांच्या नोंदवह्यांची पडद्यावर दिसणारी पाने त्याची साक्ष देतात. केल यांनी अल्बममधील पहिली दोन कडवी ठेवून पुढे वेगळी कडवी निवडली. ‘हॅलेलुया’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ईश्वराची स्तुती करा’ असा आहे. मूळ पाठाच्या शेवटी गाणारा आपले अपयश मान्य करूनही ईश्वरापुढे स्तुतीच करतो. केल यांचा पाठ मात्र प्रेमातील पराभवापाशी थांबतो. ‘श्रेक’साठी त्यातील शृंगारसूचक भागही वगळण्यात आला. अशा रीतीने भक्ती आणि शृंगार यांतील जो ताण हा या गीताचा गाभा, तोच लोकप्रियतेच्या वाटेवर क्षीण होत गेला. माहितीपट या बदलांची नोंद घेतो, परंतु त्यांचे मूल्यमापन करीत नाही. गायकांच्या गौरवोद्गारांत ही चिकित्सा मागे पडते.

विशेष म्हणजे याचे उत्तर माहितीपटाच्या विषयातच दडलेले आहे. २००८ पासूनच्या मैफलींत कोहेन यांनी नंतरची कडवी स्वीकारली, पण शेवट मात्र मूळचाच ठेवला. गीताचे स्वामित्व त्यांनी सोडले, अर्थाची जबाबदारी सोडली नाही. गीत जितके अधिक कंठांतून जाते, तितकी पाठचिकित्सेची गरज वाढते. या चिकित्सेसाठी मौलिक सामग्री एकत्र आणणे हे प्रस्तुत माहितीपटाचे श्रेय होय. ती सामग्री विजयगाथेच्या चौकटीत बसविणे ही त्याची मर्यादा होय.