पहिली रांग भुतांची

सिंगापूरमध्ये चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि भुकेली भुतं महिनाभर मोकळी फिरतात, अशी समजूत आहे. आपण पितरांना पान वाढतो. तिथे पान वाढून झालं की त्यांना गाणीही ऐकवतात. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत तात्पुरता मंच उभा राहतो, झगमगते दिवे लागतात, पिसं-टिकल्यांच्या पोशाखातल्या गायिका हॉक्किएन गाणी म्हणतात. पहिली रांग रिकामी असते. चुकूनही तिथे बसू नका, ती त्यांची जागा! या प्रकाराला गेताई म्हणतात. अर्थ साधाच, गाण्याचा मंच.

रॉयस्टन टॅनचा '८८१' (2007) हा सिनेमा या मंचावर तारका होऊ पाहणाऱ्या 'पपया सिस्टर्स'ची गोष्ट सांगतो. मंदारीनमध्ये ८८१ हा आकडा 'बा बा याओ' असा म्हणतात, त्यात पपया ऐकू येतं. म्हणजे नावापासूनच पाणचट विनोद सुरू. मला तो आवडला, कारण गेताईची चव तीच आहे. भडक, मोठ्या आवाजातली, आणि पुढच्याच कडव्यात रडवणारी.

धाकटी आणि थोरली पपया रक्ताच्या बहिणी नाहीत, दोघींना एकच वेड आहे एवढंच. पोशाख शिवणारी लिंग मावशी त्यांना घडवते. तिचा मुलगा गाडी चालवतो. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तरी सिनेमाचा निवेदक तोच. गळ्यात 'ती' जादू येत नाही म्हणून मावशी पोरींना आपल्या जुळ्या बहिणीकडे, गेताईच्या देवीकडे नेते. दोन्ही भूमिका लिऊ लिंगलिंगने केल्यात, आणि ती स्वतः गेताईत मुरलेली गायिका आहे. देवी वर देते, पण अट घालते: पुरुषाच्या प्रेमापासून लांब राहायचं.

माझी तक्रार इथे सुरू होते. एका रात्रीत या मंचावरून त्या मंचावर धावणं, गाडीतच कपडे बदलणं, ही सगळी ढोरमेहनत समोर दिसत असताना यशाचं श्रेय देवीच्या वराला का? कष्टकरी बायकांची कला अशी चमत्काराच्या खाती टाकली की प्रेक्षक सुखावतो, हिशेब मात्र चुकतो. दुसरी गंमत याहून मोठी. खलनायिका असलेल्या 'ड्युरियन सिस्टर्स' खऱ्या आयुष्यात सख्ख्या बहिणी आहेत आणि गेताईच गातात! नायिका मात्र अभिनेत्री, मिंडी ऑंग आणि येओ यान यान. खऱ्या गेताईवाल्यांनी 'नव्या, उथळ, परंपरा बुडवणाऱ्या' व्हायचं आणि नटलेल्यांनी परंपरा वाचवायची. पडद्यावर हे खटकत नाही. घरी येताना खटकतं.

तरीही हा सिनेमा मी सोडू शकत नाही, तो भाषेमुळे. 1979मध्ये सरकारने 'मंदारीन बोला' मोहीम काढली आणि पुढच्या काही वर्षांत रेडिओ-टीव्हीवरून हॉक्किएनसारख्या बोली जवळपास हद्दपार झाल्या. सिंगापूरच्या चिनी लोकांमध्ये हॉक्किएन गट सर्वांत मोठा. आजी एका भाषेत बोलणार आणि नातवंडं दुसऱ्याच. अशा शहरात हॉक्किएन मोकळेपणाने, स्पीकर लावून, रस्त्यावर ऐकू येते ती भुतांच्या महिन्यात. मेलेल्यांना मंदारीनची सक्ती कोण करणार? टॅन हे एकदाही भाषण करून सांगत नाही. आधीच्या '१५' या सिनेमाला सेन्सॉरने 27 कात्र्या लावल्यावर त्याने 'कट' नावाचा गाता-नाचता लघुपट करून उत्तर दिलं होतं. गाण्यातून बोलायची त्याची ही जुनी सवय.

छन जिन लांगची गाणी इथे म्हणूनच जड होतात. हॉक्किएन गेताईचा हा लाडका गायक 2006मध्ये कॅन्सरने गेला. सिनेमात धाकट्या पपयालाही तोच आजार. हे अतिनाट्य आहे, मान्य. पण त्याच्या सुरावटीत ती उभी राहते तेव्हा चकाकत्या पोशाखाआडचा थकवा लपत नाही, आणि मघाची माझी तक्रार थोडी मऊ होते.

टॅनला स्वतःलाही ती जाणवली असावी. पुढच्याच वर्षी त्याने '१२ लोटस' केला. पुन्हा गेताई, पुन्हा मिंडी ऑंग आणि लिऊ लिंगलिंग, पण इथे बाप मारतो, प्रियकर फसवतो आणि गाणं कुणालाही वाचवत नाही. तो '८८१' इतका लाडका झाला नाही. दोन्ही लागोपाठ बघा, आणि आधी '८८१'.