संत गोरा कुंभार : निर्मितीचे समाधान आणि चिरकीर्ती

धाराशिव जिल्ह्यातील तेर ही संत गोरा कुंभार यांची कर्मभूमी. ज्ञानदेव-नामदेवांच्या संतमेळ्यात ‘काका’ म्हणून त्यांना वडीलकीचा मान होता. आज मात्र त्यांचे जेमतेम वीस अभंग उपलब्ध आहेत. एवढ्या अल्प रचनेवर सातशे वर्षांची कीर्ती कशी उभी राहिली, हा प्रश्न विचारणीय ठरतो.

ही कीर्ती मुख्यतः आख्यायिकांनी दिलेली आहे. चिखलात तुडवले गेलेले मूल आणि थापटण्याने पारखलेली संतांची ‘मडकी’ या कथा कीर्तनांतून घरोघरी पोहोचल्या. १९७४ मध्ये कन्नडमध्ये ‘भक्त कुंभार’ हा चित्रपटही निघाला. कथा सर्वदूर गेली. कवी मात्र तिच्याआड झाकला गेला.

अभंगांतील गोरोबांची भूमिका याहून वेगळी आहे. निर्गुणाचा अनुभव सांगताना ते साखर चाखलेल्या मुक्याची प्रतिमा योजतात. गोडी चाखण्यात आहे, सांगण्यात नाही, असा तिचा आशय. तरीही ते अभंग रचतात आणि नाममुद्रेत आपला व्यवसायही नोंदवतात. म्हणजे येथे समाधान अनुभवाचे आहे, कीर्तीचे नव्हे. नाममुद्रा ही कीर्तीची मागणी नसून अनुभवाची साक्ष आहे.

तेरच्याच वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत. त्यांच्या कर्त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, कसब मात्र दिसते. सारांश, कीर्ती देणे समाजाच्या हाती असते आणि समाज बहुधा ती कथेला देतो. म्हणूनच आख्यायिका बाजूला ठेवून हे वीस अभंग वाचणे, ही समीक्षेची जबाबदारी ठरते.