‘वापरणे’, ‘नेणे’ आणि ‘बाळगणे’ : शस्त्रखटल्यांतील अर्थनिर्णय

शस्त्रविषयक आरोपापासून केला जाणारा बचाव पुष्कळदा पुराव्याच्या खंडनावर नव्हे, तर एखाद्या क्रियापदाच्या अर्थावर उभा असतो. पिस्तूल होते, ते आरोपीचे होते, हे सारे मान्य असते; कायद्यातील शब्द त्याच्या कृतीला लागू पडतो की नाही, एवढाच वाद उरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ ते २००७ या काळात दिलेले चार निर्णय या दृष्टीने अर्थविचाराच्या अभ्यासकाने तपासून पाहण्याजोगे आहेत.

मादक द्रव्यांच्या व्यापाराचा गुन्हा करताना व त्याच्या संबंधात जो अग्निशस्त्र ‘वापरतो किंवा नेतो’, त्यास मूळ शिक्षेखेरीज पाच वर्षांचा आणि शस्त्र यंत्रबंदूक असल्यास तीस वर्षांचा कारावास, अशी तेथील संघीय कायद्याची तरतूद होती. १९९३ च्या स्मिथ खटल्यातील आरोपीने बंदूक कोणावर रोखली नव्हती. कोकेनच्या मोबदल्यात ती देऊ केली होती. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने हाही ‘वापर’च ठरविला. शब्दकोशातील अर्थ व्यापक आहे आणि शस्त्रजप्तीच्या लगतच्या पोटकलमात ‘वापर’ शब्द शस्त्रविक्रीलाही लागू होतो, असा बहुमताचा युक्तिवाद होता. त्यातील दुसरा भाग वजनदार आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि त्या पोटकलमात शस्त्रविक्रीचे गुन्हे नावानिशी गणलेले आहेत. तो अर्थ तेथे संदर्भाने येतो, शब्दाच्या बळावर नव्हे.

न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे भिन्नमत येथे अधिक मर्मग्राही आहे. ‘आपण काठी वापरता काय?’ असे विचारणारा मनुष्य दिवाणखान्यात शोभेसाठी टांगलेल्या आजोबांच्या काठीची चौकशी करीत नसतो. साधनवाचक नाम कर्म म्हणून आले की त्या साधनाचे नियत कार्य क्रियापदाच्या अर्थात आपोआप शिरते. शब्दकोश शब्दाच्या शक्यता सांगतो. त्यांतील कोणती प्रस्तुत वाक्यात साकार झाली, हे तो सांगू शकत नाही.

१९९५ च्या बेली खटल्यात न्यायालयाने एकमताने ‘वापर’ म्हणजे सक्रिय उपयोग, असा अर्थ संकोचिला. नुसते जवळ असणे पुरेसे मानले नाही. साहजिकच वादाचा भार ‘नेणे’ या क्रियापदावर आला. १९९८ च्या मस्कारेलो खटल्यात बंदूक वाहनातील कुलूपबंद कप्प्यात होती. ‘नेणे’ म्हणजे अंगावर नेणे, हा बचाव पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी कोशांबरोबर बायबल, ललित वाङ्मय व वृत्तपत्रांतील वाक्ये पुराव्यादाखल घेतली. प्रत्यक्ष भाषाव्यवहाराकडे वळणे स्तुत्यच. परंतु वृत्तपत्रांतील वाक्ये निवडताना ‘वाहन’ हाही शोधशब्द धरला होता. जे सिद्ध करावयाचे, तेच निवडीत गृहीत धरलेले. शिवाय एखादा प्रयोग आढळतो, एवढ्यावरून तोच अभिप्रेत होता, असे ठरत नाही. न्यायमूर्ती गिन्झबर्ग यांनी भिन्नमतात दाखविल्याप्रमाणे, अर्थ खरोखर संदिग्ध असेल तर दंडविधानात त्याचा लाभ आरोपीस मिळावयास हवा.

त्याच वर्षी पुढे विधिमंडळाने गुन्ह्यास साहाय्यक ठरेल असे ‘जवळ असणे’ही कायद्यात घातले. पण स्मिथचा अर्थ कायम राहिला, आणि २००७ च्या वॉटसन खटल्यात त्याची विसंगती उघड झाली : मादक द्रव्य देऊन बंदूक घेणारा ती ‘वापरीत’ नाही, असे न्यायालयाने ठरविले. एकाच विनिमयात देणारा वापरतो आणि घेणारा वापरीत नाही, ही स्थिती कोशाश्रयी पद्धतीचीच फलश्रुती होय.

मराठी अभ्यासकास या चर्चेचे महत्त्व परके नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कब्जात असणे आणि नेणे या कृती वेगळ्या आहेत. मराठीतील ‘शस्त्र बाळगणे’ हा प्रयोग दोन्हींना कवेत घेतो. गुणवंतलाल खटल्यात १९७२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कब्जासाठी जाणीव आणि नियंत्रण ही दोन्ही आवश्यक मानली. ‘बाळगणे’त ती जाणीव मुळातच आहे : राग बाळगला जातो, भीती बाळगली जाते; नकळत मात्र कोणी काही बाळगीत नाही. मराठीतून चालणाऱ्या खटल्यात कब्जाचा अनुवाद ‘बाळगणे’ असा केला, तर ज्ञानाचा मुद्दा सिद्ध होण्यापूर्वीच आरोपात गृहीत धरला जातो. म्हणून आरोपपत्राची भाषा तपासणे हाही बचावाचाच एक भाग मानला पाहिजे. तेथे एका क्रियापदाची किंमत वर्षांच्या कारावासात मोजली जाते.