बाळ कोणी सांभाळले?

‘टॉम अँड जेरी’ हा विषय या पानांवर कशाला, असे कुणी विचारील. हसण्याला वर्ण नसतो, वर्ग नसतो, ही प्रस्थापित रसिकांची लाडकी समजूत आहे, म्हणूनच.

‘टॉट वॉचर्स’ (१९५८) हा हॅना आणि बार्बेरा या जोडीने एमजीएमसाठी केलेला मालिकेतला शेवटचा लघुपट. बाळ जीनी नावाच्या गोऱ्या पोरीवर सोपवून आई बाहेर जाते. जीनी टेलिफोनला चिकटते ती सुटतच नाही. बाळ रांगत निघते ते थेट उंच बांधकामाच्या लोखंडी तुळयांवर. मांजर-उंदीर हाडवैर विसरून त्याच्यामागे धावतात. त्याआधी टॉम एकदा बाळ परत आणून देतो, तर जीनी त्याच्याच टाळक्यात झाडू हाणते. शेवटी पोलीसही या दोघांनाच पकडून नेतात. तुळईवरून तुळईवर रांगणाऱ्या बाळाची लय इतकी अचूक आहे की मीही पोट धरून हसलो. ते लपवण्यात अर्थ नाही.

पण मालिकेच्या पहिल्याच लघुपटात, १९४० साली, हे घर राखणारी एक काळी बाई होती. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. श्रेयनामावलीत तिचे नाव नसे. पडद्यावर पाय आणि झाडू, चेहरा जवळजवळ कधीच नाही. (आपल्या मध्यमवर्गीय कथेतली मोलकरीणही बहुधा अशीच हातापुरती येते, पण तो वेगळा लेख.) कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने या प्रतिमेला विरोध केला, तो रास्तच होता. मात्र तिला चेहरा किंवा नाव द्यावे, असे स्टुडिओला सुचले नाही. १९५२ नंतर ती मालिकेतून नाहीशीच झाली. १९६०च्या दशकात टेलिव्हिजनसाठी जुने लघुपट ‘शुद्ध’ करताना काही ठिकाणी तिच्या जागी गोरी बाई रंगवण्यात आली.

जीनीला नाव, चेहरा, टेलिफोन आणि चुकण्याची मुभाही आहे. तिचा निष्काळजीपणा वयाचा अल्लडपणा म्हणून खपतो. हीच चूक त्या काळ्या बाईच्या पदरी घातली असती, तर ती तिच्या वंशाची खूण ठरली असती.

अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची बाळे काळ्या बायकांनीच पिढ्यानपिढ्या वाढवली. १९५५-५६च्या मॉन्टगोमेरी बस-बहिष्कारात ३८१ दिवस पायी चालणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या ‘टॉट वॉचर्स’च्या घरात ते पाय कुठेच नाहीत.