स्मरणरंजन, बसंत आणि 'बस्ती'

लाहोरच्या बसंतविषयी गेल्या दोन दशकांत पाकिस्तानात पुष्कळ हळवे गद्य लिहिले गेले. गच्च्यांवरची गर्दी, पिवळे पोशाख, पतंग कापला जाताच उठणारी 'बो काटा'ची आरोळी, रात्री दिव्यांच्या झोतात चढणारे पांढरे पतंग हे त्यातील ठरलेले तपशील. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंगबाजीवर बंदी घातली. २०२५ च्या अखेरीस पंजाब सरकारने अध्यादेश काढून ती नियंत्रित स्वरूपात पुन्हा खुली केली. या वीस वर्षांत बसंत हा सण राहिला नाही, तो एक वाङ्मयीन विषय झाला. मात्र रासायनिक लेप दिलेल्या आणि धातूच्या दोऱ्यांनी दुचाकीस्वारांचे गळे चिरले गेले, हे बंदीचे कारण त्या गद्यात आले तरी एखाद्या अवघडलेल्या वाक्यात येते. धर्ममार्तंडांच्या विरोधाचा उल्लेख मात्र विस्ताराने होतो. तो खोटा नाही. पण स्मरणरंजनाला बाहेरचा शत्रू सोयीचा असतो.

इंतिजार हुसेन यांच्यावर प्रगतिवादी समीक्षेने स्मरणरंजनाचाच आरोप ठेवला होता. 'बस्ती' (१९७९) ही कादंबरी बारकाईने वाचली तर तो टिकत नाही असे मला वाटते. नायकाचे नाव झाकिर, म्हणजे स्मरण करणारा. इतिहासाचा हा प्राध्यापक १९७१ च्या युद्धाच्या दिवसांत, पाकिस्तानातील एका अनाम शहरात, फाळणीपूर्वीचे रूपनगर आठवत राहतो. भगतजींकडून शेषाच्या फण्यावर तोललेल्या पृथ्वीची गोष्ट ऐकावी, अब्बाजानांकडून निराळी ऐकावी आणि दोन्ही खऱ्या मानाव्यात, असे ते बालपण. येथवर सारे स्मरणरंजनाच्या चौकटीत बसते.

पण झाकिर आणि साबिरा ही नात्यातली भावंडे ओल्या मातीत पाय रोवून, वर माती थापून, पाय अलगद काढून घेतात तो प्रसंग पाहावा. आपल्याकडची मुले याच खेळात खोपा करतात. रूपनगरची मुले तिला कबर म्हणतात, आणि कुणाची कबर अधिक चांगली झाली यावर भांडतात. लेखकाने येथे कोणतेही सूचक भाष्य केलेले नाही. खेळ खेळच राहतो. तरीही पुढे येणाऱ्या ताटातुटीचे आणि मृत्यूंचे सावट त्या मातीवर आधीच पडलेले असते. गावात वीज येते तेव्हाही असेच घडते: नव्या तारांवर उड्या घेणारी माकडे एकामागून एक मरतात आणि उरलेली गाव सोडून जातात. बसंतविषयक गद्य जी तार वगळते, ती 'बस्ती' आठवणीच्या मध्यभागी ठेवते. गतकाळ रम्य होता, म्हणून तो निर्दोष होता असे हुसेन मानत नाहीत.

मराठी ललितगद्यातील स्मरणरंजनाशी तुलना करताना एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या लेखकाचे हरवलेले गाव बहुधा एस.टी.च्या अंतरावर असते. जाऊन, निराश होऊन परत येता येते. झाकिरला ती निराशाही उपलब्ध नाही. घरात रूपनगरच्या किल्ल्या आहेत, आणि अब्बाजानांच्या लेखी त्या अमानत आहेत. ज्या कुलपापर्यंत आता जाता येत नाही, त्याच्या किल्ल्या गंजू न देणे हा तेथे जवळजवळ एक धर्मविधी होतो.

वर्तमानातील विरंगुळा म्हणजे 'शिराझ' हे चहाचे दुकान. लाहोरच्या पाक टी हाऊसची आठवण त्यामुळे अपरिहार्य होते. 'हल्का-ए-अरबाब-ए-जौक'च्या बैठकी जेथे भरत ते हे ठिकाण फाळणीपूर्वी इंडिया टी हाऊस होते. पुढे ते बंद पडले आणि २०१३ मध्ये पुन्हा उघडले. कादंबरीतील मित्रांच्या गप्पा हळूहळू घोषणांना वाट देतात, आणि मग बोलणेच खुंटते. हा भाग काहीसा लांबला आहे. अफझलचे फकिरी उद्गार पुनरुक्त होतात.

खरी उणीव मात्र वेगळी आहे. साबिरा सीमेपलीकडे जात नाही; दिल्लीत नोकरी करते, अविवाहित राहते. जिच्यासाठी रूपनगर हा परदेश नाही, अशी ती एकटीच. तिच्याविषयी आपल्याला कळते ते इतरांच्या पत्रांतून आणि झाकिरच्या अपराधभावातून. ओल्या मातीतला तो खेळ तिला कसा आठवतो, हे कादंबरी तिला विचारत नाही.