वारा घेणं, वारा घालणं

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘टोकिओ स्टोरी’ हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, ऐन डिसेंबरात. म्हातारं जोडपं मुलांना भेटायला राजधानीत येतं, मुलांना सवड नसते, दोघं परततात आणि आई जाते. गोष्ट समजली, डोळे ओलावले. पडद्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पंखा आहे, हे मात्र लक्षातच आलं नाही. ते दिसायला मला टोकिओतला ऑगस्ट अंगावर घ्यावा लागला.

आपल्याकडे पाऊस आला की उन्हाळा संपतो. इथे पाऊस संपला की उन्हाळा सुरू होतो. जूनमध्ये लागलेला ‘त्सुयु’ हा पावसाळा जुलैच्या उत्तरार्धात मागे सरतो, झाडांवर रातकिड्यांसारखे पण भर दुपारी ओरडणारे ‘सेमी’ जागे होतात आणि हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. पारा 35 अंशांवर गेला की त्या दिवसाला इथे ‘मोशोबी’ म्हणतात. जपानच्या हवामान खात्याने हा शब्द 2007मध्ये अधिकृत केला. पहिल्या उन्हाळ्यात मला जेवण जाईना. वरणभाताचा वाससुद्धा नकोसा झाला. मग हळूहळू इथल्या लोकांचं बघून खायला शिकलो: भाजलेल्या जवाचा गार चहा ‘मुगिचा’, वर किसलेलं आलं घातलेला थंडगार तोफू, आणि बर्फाच्या पाण्यात पोहणाऱ्या, शेवयांहूनही नाजूक ‘सोमेन’. ज्या रसात बुडवून त्या खायच्या, त्यात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. शाकाहारी माणसाला हे उशिरा कळतं.

आणि कळलं एक वाक्य. लिफ्टमध्ये, भाजीच्या दुकानात, कचरा ठेवायच्या कोपऱ्यावर, जो भेटेल तो म्हणतो, ‘अत्सुइ देस ने.’ उकडतंय, नाही का? सुरुवातीला वाटायचं, काय हे रोज तेच! पण त्यातला ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. ‘उकडतंय’ ही माहिती झाली, ‘उकडतंय ना’ म्हटलं की समोरच्यासाठी जागा झाली. दुसरं काही बोलता येत नसेल तर निदान उकाडा तरी दोघांचा असतो. हे उमगल्यावर, ऑगस्टअखेरच्या एका रात्री, मी ‘टोकिओ स्टोरी’ पुन्हा लावला.

चित्रपट 1953चा. हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची या बंदराच्या गावातून शुकिची आणि तोमी हिरायामा निघतात. प्रवासाची तयारी चालू असताना शेजारीण खिडकीशी थांबून चार शब्द बोलते. टोकिओत थोरला मुलगा वस्तीतला डॉक्टर आहे, मुलगी शिगे केशभूषेचं दुकान चालवते आणि युद्धात गेलेल्या मधल्या मुलाची बायको नोरिको कचेरीत नोकरी करते. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, पाटावर बसून बघावं तसं हे सगळं घर आपण बघतो. त्या उंचीवरून सर्वांत जास्त हलताना दिसतो तो ‘उचिवा’, बांबूच्या काड्यांवर कागद ताणलेला, न मिटणारा गोल पंखा. चेहरे स्थिर, बोलणं सभ्य, पंखे मात्र सतत चालू. ज्याला जे बोलायचं नाही, ते त्याचा पंखा बोलतो असं मला वाटत राहिलं.

मराठीत या हालचालीला दोन क्रियापदं आहेत. माणूस स्वतःसाठी वारा घेतो आणि दुसऱ्याला वारा घालतो. ‘टोकिओ स्टोरी’चं मर्म मला या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात सापडतं.

आईवडील आल्या दिवशी थोरल्याच्या घरी जेवायला काय करायचं, याची चर्चा होते. मांस असेल तर सुकियाकी करू. मग कच्चा मासा, ‘साशिमी’, कशाला, तेवढं पुरे. वाईट कोणीच बोलत नाही. सुकियाकी म्हणजे लोखंडी भांड्यात सोया सॉस आणि साखर घालून शिजवलेलं गोमांस. पाहुण्यांचं पान म्हणून त्यात काही कमी नाही. पण ‘पुरे’ हा शब्द एकदा आला की तो घरभर फिरत राहतो. शिगेचा नवरा सासूसासऱ्यांसाठी टोकिओतल्याच असाकुसाहून गोड खाऊ आणतो, आत पांढऱ्या घेवड्याचं पुरण. शिगेला तो महाग वाटतो. त्यांना तांदळाच्या साध्या ‘सेन्बेइ’ चालल्या असत्या, असं तिचं म्हणणं. मला शिगेचा राग येत नाही. दुकान, गिऱ्हाइकं, महिनाअखेर, या सगळ्या हिशेबात आईवडिलांचा खाऊही बसवावा लागतो. आपल्यातल्या किती जणांनी तो बसवला नसेल! या घरांमध्ये पंखे आहेतच. पण जो तो आपापला वारा घेतो.

मग नोरिको. एक दिवस रजा काढून ती दोघांना बसने टोकिओ दाखवते आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर आणते. खोली एकच. फळीवर गेलेल्या नवऱ्याचा फोटो. घरात ‘साके’, म्हणजे तांदळाची दारू, नाही, म्हणून ती समोरच्या शेजारणीकडून उसना आणते. मग ध्यानात येतं की तो ओतायची सुरई आणि पेलेही नाहीत. परत जाते, तेही मागून आणते. ओझू हे दोन्ही हेलपाटे सावकाश दाखवतात, कापत नाहीत. जेवण ती बाहेरून मागवते. भरल्या घरात जे महाग ठरलं, ते या रिकाम्या खोलीत उसनं आणून वाढलं जातं, आणि वाढणाऱ्या हातात हिशेब नसतो.

आणि ती म्हातारी माणसं जेवू लागतात तेव्हा नोरिको पंखा उचलते आणि त्यांना वारा घालते.

या क्षणाला संगीताची साथ नाही, चेहऱ्याचं जवळून चित्रण नाही. नोरिको झालेली सेत्सुको हारा हसतमुखाने बसलेली आहे, मनगट हलतंय, एवढंच. पंगतीला बसलेल्या माणसाच्या पानावर विंझण्याने वारा घालणारी आजी ज्याने पाहिली असेल, त्याला हा वारा अनुवादाशिवाय पोचेल. मी परक्या देशातल्या आठव्या मजल्यावर वातानुकूलन लावून बसलो होतो, आणि त्या काळ्यापांढऱ्या चौकटीतून वाऱ्याची झुळूक माझ्यापर्यंत आली. ज्या शहराच्या उकाड्याला मी दोन महिने शिव्या घालत होतो, त्याच शहराच्या त्याच उकाड्यात कोणी कोणासाठी तरी हात हलवत होतं.

पुढे ओनोमिचीत तोमी जाते. त्या पहाटे नाहीसा झालेला शुकिची नोरिकोला बाहेर एकटा उभा सापडतो. बायको नुकतीच गेली आहे, आणि तो बोलतो ते पहाटेच्या देखणेपणाबद्दल आणि आजही उकडणार याबद्दल. पुण्यात मला हे वाक्य थंड वाटलं होतं. आता त्यात मला ‘ने’ ऐकू येतो. दुःख दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याच्याकडे शब्द नाहीत. उकाडा आहे, तोच तो देतो. अंत्यविधीनंतरच्या जेवणात शिगे आईची आठवण म्हणून दोन वस्तू मागते, आणि दोन्ही उन्हाळ्यातल्याच: उन्हाळी कमरपट्टा आणि बारीक नक्षीचा तलम किमोनो. मागणीची घाई खुपते, पण आईची आठवण तिलाही उन्हाळ्याच्याच कपड्यांत येते, हे मी या खेपेला पाहिलं.

शेवटी सगळे आपापल्या गाड्या धरतात. नोरिकोही जाते. तीच शेजारीण त्याच खिडकीशी थांबून चार शब्द बोलते आणि पुढे सरकते. शुकिचीची भूमिका करणारे चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते, पण चटईवर टेकलेला तो बाप पुरता सत्तरीचा आहे. बाजूची जागा रिकामी. समुद्रावरून एक बोट फटफटत जाते. त्याच्या हातात पंखा आहे, आणि तो सावकाश वारा घेतो आहे.