‘सेटलमेंट’ : दंडविचारातील एका संज्ञेची चिकित्सा

दंडशास्त्राच्या इतिहासात सुधारणेची वाटचाल फटक्यांकडून कोठडीकडे आणि कोठडीकडून शिक्षणाकडे अशी दाखविण्याचा प्रघात आहे. जॉन हॉवर्ड याचा १७७७ चा ग्रंथ हा तिचा आरंभ, आणि हिंदुस्थानापुरता १९१९-२० च्या तुरुंग समितीचा अहवाल हा तिचा प्रमुख टप्पा मानला जातो. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे ध्येय होय, असे या समितीने निःसंदिग्धपणे मांडले. परंतु त्याच सुमारास सोलापुरात, कापडगिरण्यांच्या आसऱ्याने, एक वसाहत नांदत होती. तिला कोणी तुरुंग म्हणत नसे. आणि तेथे डांबले जाण्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे.

या वसाहतीचा आधार म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा. १८७१ चा हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून एकदा घोषित केली की त्या घोषणेची वैधता न्यायालयासही तपासता येत नसे. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळची हजेरी आणि परवान्याविना हालचालीस बंदी हे सर्व त्यामागून येई. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा अनेक जमाती या जाळ्यात आल्या. येथे ‘गुन्हेगार’ हे विशेषण कृतीचे नाही, कुळाचे आहे. सजेला मुदत असते. जन्माला मुदत कोठली?

भाषेचा पुरावा या ठिकाणी कागदपत्रांइतकाच बोलका आहे. महसुलातील ‘सेटलमेंट’ला मराठीने ‘जमाबंदी’ हा प्रतिशब्द स्वीकारला. माणसांच्या ‘सेटलमेंट’ला मात्र तसा शब्द रूढ झाला नाही. इंग्रजीतील साधा वसतिवाचक शब्द सोलापूरच्या बोलीत कुंपणाचा आणि पहाऱ्याचा वाचक झाला. ‘हजेरी’ची गोष्टही अशीच. गिरणीतल्या हजेरीने मजुरी पदरात पडे. वसाहतीतल्या हजेरीने आपण रात्री चोरीस गेलो नाही, एवढेच सिद्ध होई. एकाच माणसाला एकाच दिवसात या दोन्ही हजेऱ्या द्याव्या लागत. सुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी श्रमाची शिस्त म्हणून ज्याचा गौरव केला, त्यात गिरण्यांना मिळणाऱ्या बांधील मजुराचा हिशेब किती होता, हा प्रश्न त्यांच्या लेखनात क्वचितच डोकावतो. शाळा, दवाखाना, घरे यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला बाहेर पडण्याची मुभा नाही त्याच्या कल्याणाला सुधारणा म्हणणे, हा शब्दाचा सैल वापर होय.

या संज्ञांना साहित्यातून मिळालेले उत्तर अधिक नेमके आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाचे शीर्षक पाहावे. ‘उचल’ या धातूपासून घडलेले हे कर्तृवाचक नाम जातीचे नाव, शिवी आणि आरोप असे तिन्ही एकदम आहे. लेखकाने ते टाळले नाही की सौम्य केले नाही. स्वतःच्या नावासारखे मुखपृष्ठावर घेतले. इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘द ब्रँडेड’ असे झाले तेव्हा कर्ता जाऊन कर्म उरले : डाग लागलेला माणूस. इंग्रजी वाचकाच्या करुणेला हे सोयीचे आहे, पण मूळ शब्दातले आव्हान त्यात हरपते. टीकाकारांनी या ग्रंथाचा विचार बहुधा दारिद्र्याचे चित्रण म्हणून केला; दंडव्यवस्थेवरील साक्ष म्हणून त्याचे वाचन अद्याप अपुरे आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हे नाव आले. व्याकरणदृष्ट्या ते कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे : मुक्त करणारा दुसरा, मुक्त होणारा हा. बंधनाची आठवण त्या रूपातच मुरलेली आहे. पुढे मुंबई राज्याच्या १९५९ च्या कायद्याने ‘सराईत गुन्हेगार’ ही कल्पना दोषसिद्धीच्या संख्येवर उभी केली; म्हणजे निदान कागदावर तरी जन्माची जागा कृतीने घेतली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून मात्र जुना अर्थ हटला नव्हता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील जातिनिष्ठ तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि सराईत गुन्हेगाराच्या व्याख्येत विमुक्त जमातींचा उल्लेख असू नये, असे बजावले. नाव बदलल्यानंतर त्याचा अर्थ बदलण्यास बहात्तर वर्षे लागली.

सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे स्थलनाम प्रचारात आहे. त्यातील ‘फ्री’ हा शब्द स्वातंत्र्यानंतरचा असावा असा समज सहज होतो. परंतु चांगल्या वर्तनाबद्दल ज्या कुटुंबांना कुंपणाबाहेर राहू दिले जाई, त्यांच्या वस्तीला सेटलमेंटच्याच व्यवस्थेत ‘फ्री कॉलनी’ म्हणत.